भांगाचे तीन गुरुवार

पंधरा दिवसांपूर्वीची गोष्ट. गुरुवारी सकाळी तारोडीला, कोळ्यांच्या गावाला गेले होते... फिरायला नाही हो, कामाला. हाटकेशच्या घरून रिक्षा, मग बस, आणि खांद्यावर नमुन्यांसाठी बर्फाचा डबा. गुडघे आधीच संपावर.

माझं काम काय, हे सांगितलं की लोक 'अच्छा' म्हणतात आणि विषय बदलतात. प्रदूषण कमी करणारं नवीन मशीन कोणी काढलं की तो त्याचं कौतुक करणारच. तो सांगतो ते खरं आहे का, हे बाहेरच्या त्रयस्थ माणसाने तपासायचं असतं. ती त्रयस्थ मी. बावीस वर्षं बाटल्या भरतेय आणि सह्या करतेय.

तारोडीचं मशीन भाविनचं, तिशीतला गुजराती इंजिनिअर. मासळी धुतलेलं घाण पाणी केमिकल न घालता साफ होतं, असा त्याचा दावा. चार वर्षं त्याने यात घातलीत, आणि माझ्या रिपोर्टशिवाय त्याला पुढे कोणी दारात उभं करणार नव्हतं.

सध्या ते पाणी टँकर उपसून नेतो. रिपोर्ट चांगला आला की टँकर बंद, आणि मशीनमधलं पाणी थेट मागच्या चरात सोडायचं ठरलं होतं. तो चर हिराबायच्या विहिरीला अगदी लागून. हिराबाय म्हणजे तिथे मासळी साफ करणाऱ्या बायकांची म्होरकी, साठीची, आवाज असा की लाऊडस्पीकर लाजेल.

नियमाप्रमाणे पंधरवड्याला एक असे तीन वेळा नमुने घ्यायचे होते. मी दर दुसरा गुरुवार धरला. पहिल्या दोन्ही गुरुवारी रिझल्ट मस्त आले, आणि हा तिसरा... पाणी काचेसारखं. भाविन नुसता हसत होता. मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहूनसुद्धा टाकला होता.

डबा बंद करत होते तेवढ्यात हिराबाय सहज बोलून गेली, "मॅडम, तुमी नेमी भांगालाच कशाला येता? आज म्हावरा हाय कुठं?"

म्हावरा म्हणजे मासळी हे ठाऊक होतं, पण भांग मला दोनच माहीत, एक होळीची आणि एक केसातला. तसं म्हटल्यावर आजूबाजूच्या बायका पोट धरून हसल्या. मग हिराबायने मला ओटीवर नेलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं.

अष्टमी-नवमीच्या सुमाराला समुद्राला जोर नसतो, तो भांग. पाण्याला ओढ नसली की जाळ्यात मासळी फारशी येत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा मासळीचे ढीग लागतात आणि धुवायला बायका कमी पडतात. माझे तिन्ही गुरुवार कोणते होते? दशमी, नवमी, अष्टमी.

म्हणजे पंधरा-पंधरा दिवसांनी, अगदी शिस्तीत, मी बरोब्बर फारसं कामच नसायच्या दिवशी येत होते! कोणी फसवलं नव्हतं. भाविनचा चेहराच सांगत होता की त्यालाही यातलं ओ की ठो माहीत नव्हतं.

खरं सांगू? त्या क्षणी राग हिराबायचाच आला. हे वाक्य ऐकूच आलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं वाटलं... माझे कागद नियमात बसत होते. सही केली असती तर कोणी बोट दाखवलं नसतं.

बसस्टॉपवर बर्फाच्या डब्यावरच बसून राहिले. दोन बस सोडल्या. शेवटी ऑफिसला फोन केला की अजून एक फेरी हवी. साहेब म्हणाले, "तुम्हाला हौस आहे का हो?" हौस कसली डोंबलाची.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, परत गेले. बापरे! बोंबील, मांदेली, कोळंबी, पाय ठेवायला जागा नाही. तासाभरात मशीनमधून बाहेर येणारं पाणी गढूळ झालं, दुपारपर्यंत त्याला तोच वास यायला लागला जो आत जाणाऱ्या पाण्याला होता.

भाविन मशीनला टेकून खाली बसला. मला म्हणाला, "मॅडम, अब क्या लिखोगे?" म्हटलं, जे दिसलं ते. थोड्या पाण्याला चालतं, उधाणाच्या पाण्याला पुरत नाही. पोरगा खोटारडा नव्हता हो... नुसताच कमी पडला होता. मशीन मोठं करून परत येईन म्हणालाय. यावं त्याने, मनापासून वाटतं.

हिराबायने विचारलं, "म्हंजे नापास?" मी नेहमीचं सांगितलं, आम्ही पास-नापास करत नाही, दावा खरा की नाही एवढंच बघतो. तिने चराकडे बघितलं, मग विहिरीकडे. आणि त्या लाऊडस्पीकर बाईचा आवाज एकदम खाली आला.

"त्या दिवशी सही करून गेली असतीस, आनि इहीर नासली असती... तर आमी कोनाला सांगितला असता? कागदावर तर पानी सोच्छच व्हता ना."

ती 'तुमी' वरून 'तू' वर कधी आली, ते घरी पोचल्यावर लक्षात आलं.

आमच्या फॉर्मवर पाण्याचं तापमान, रंग, वास, वेळ, सगळ्याला रकाने आहेत. 'इथल्या माणसांना विचारलंत का' याला नाही. बावीस वर्षांत मलाही कधी तो हवासा वाटला नाही. हिराबाय, तुम्ही हे वाचणार नाही, पण थँक यू... आणि आधीच्या बावीस वर्षांत मी जिथे जिथे न विचारता सही केली, तिथल्या विहिरींचं काय झालं असेल, हे आता मला कोण सांगणार?