गुडघ्यामागची गाठ

"अहो डॉक्टरीणबाई, दुखतोय अंगठा आणि तुम्ही गुडघा काय चाचपताय?"

कमलची सासू माझ्यावर खेकसली. डोंबिवलीत माझा तेव्हा एका खोलीचा दवाखाना होता. कमल विशीतली, नवी सून. पाऊल थंडगार, अंगठा निळा पडलेला. पावलावर एक नाडी हाताला लागते, ती लागेना. म्हणजे रक्त वाटेत कुठेतरी अडत होतं. म्हाताऱ्या माणसाचं समजू शकते, पण या पोरीला हे कशानं?

"तुम्ही जरा बाहेर बसा," मी सासूला सांगितलं.

कमलनं घाबरत लुगडं वर घेतलं. गुडघ्यामागे लिंबाएवढी गाठ, दगडासारखी टणक. हाडच ते. वाढत्या वयात हाडाला कधीकधी असा कोंब फुटतो. बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही. हिचा नेमका पावलाकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला घासत होता. आत रक्त गोठत होतं आणि त्याच्या बारीक गुठळ्या बोटांत जाऊन अडकत होत्या.

"कधीपासून आहे गं ही?"

"लहानपणापासून. आईनं शपथ घातलीय. बघायला आले तेव्हा चालून दाखवायला लावलं, मी नीट चालले. आता कळलं तर नांदवणार नाहीत हो मला."

"अगं बाई, पाय जाईल तुझा! आजच नवऱ्याला सांग. ऑपरेशन केलं तर वाचेल. नाहीतर उद्या मीच घरी येऊन सांगते."

"सांगते," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गेले, तर सून सकाळीच माहेरी गेलेली, आंबिवलीला. मी नवऱ्याला कचेरीत गाठलं, सगळं सांगितलं. तो तसाच तिला आणायला निघाला. पण तोवर तिच्या आईनं गाठ जिरवायला हाडवैद्य बोलावला होता. त्यानं तेल लावून ती चांगली रगडली. गोठलेलं रक्त सुटलं ते थेट पावलात उतरलं.

ठाण्याच्या सर्जननी एक्स-रे उजेडात धरला.

"गाठ काढता आली असती हो. आता पाऊल मेलंय. गुडघ्याखालून कापावं लागेल."

नवरा ओक्साबोक्शी रडला. "एवढ्यासाठी मी टाकलं असतं का गं तुला?"



डिस्चार्जच्या दिवशी न्यायला तिचे वडील आले. नवरा आला नाही, नंतरही कधी आला नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

लोक विचारत, एवढ्याशा गाठीनं पाय जातो का? मी सांगायचे, गाठीनं क्वचितच जातो. लपवल्यानं जातो.