पोरीला जोरात यावं म्हणून

आमच्या घरात इंटरनेटची लाइन एक आणि कॉम्प्युटर चार. माझ्या लॅपटॉपवर मी न्हावा शेवा बंदरातल्या कंटेनरांची कागदपत्रं करायची. नवरा त्याच्या लॅपटॉपवर कळंबोलीच्या मालाच्या गाड्या कुठे अडकल्यात ते बघायचा. लेक तिच्या लॅपटॉपवर नोकरीचे अर्ज भरायची. आणि हॉलमधल्या जुन्या, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरवर सासरे दुपारभर डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची भजनं लावून बसायचे.

चौघं एकदम बसलो की कोणाचंच धड चालायचं नाही. मग लेक आतून ओरडणार, नवरा बाहेरून, आणि निवाडा करायला मी. खरं सांगते, मला कामाचा थकवा नव्हता, या कटकटीचा होता. एक ईमेल सलग लिहून व्हायची नाही.

सासरे मात्र कधी भांडले नाहीत. बंदरातून रिटायर झाल्यावर त्यांनी बिल्डिंगचं पाणी सोडायचं काम अंगावर घेतलं होतं. वरच्या मजल्यावर पाणी चढत नसलं की ते खालच्यांचे व्हॉल्व्ह बंद करायचे. खालचे बोंबलायचे, हे शांतपणे ऐकून घ्यायचे.

अशात लेकीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू ठरला. शिक्षण संपवून घरी बसलेली पोर, जेवतानाही गप्प गप्प असायची. मला ते बघवत नव्हतं. ही नोकरी तिला लागायलाच हवी होती. त्या सकाळी मी सगळ्यांना बजावलं, तिचं होईपर्यंत नेटला कोणी हात लावायचा नाही.

इंटरव्ह्यू जेमतेम सुरू झाला आणि लेक रडवेली होऊन खोलीबाहेर आली. नेट गेलं होतं.

हॉलमध्ये बघते तर सासरे स्विचबोर्डापाशी उभे. सगळी बटणं बंद. त्यांचा कॉम्प्युटर, टीव्ही आणि त्याच बोर्डावरचा राउटरही.

"सगल्यांचा बंद केलाय," ते म्हणाले. "आता पोरीला जोरान येल."

मी राउटरचं बटण चालू केलं. त्याचे दिवे आपल्या सवडीने एकेक लागत होते. लेक थांबली नाही, मोबाइल घेऊन जिन्यात पळाली. आमच्याकडे रेंज तिथेच येते. पायरीवर बसून, खालच्या ट्रकच्या हॉर्नमध्येच तिने उरलेली उत्तरं दिली.

ती नोकरी लागली नाही. इंटरव्ह्यूच्या रात्री जेवताना तिनेच आजोबांना समजावलं की त्या डब्यातूनच सगळ्यांना नेट येतं, तो बंद करायचा नसतो. "आस्सं हाय काय," एवढंच म्हणून ते ताटावरून उठले.

पुढे तिला पुण्यात नोकरी मिळाली आणि ती गेली. नवरा परत ऑफिसला जायला लागला. आता दिवसभर लाइन जवळपास माझ्या एकटीची. ईमेली सलग लिहून होतात. हेच तर मला हवं होतं, आणि आता घर खायला उठतं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल येतो. त्याआधी सासरे उठतात, भजन अर्ध्यावर थांबवून आपला कॉम्प्युटर बंद करतात, टीव्ही बंद करतात. राउटरचं बटण तेवढं चालू आहे ना, ते बोटाने चाचपून बघतात. मग माझ्या दारात येऊन उभे राहतात.

"बाय, तुजापन बंद कर. पोरीचा फोन येल."

मी हातातली ईमेल अर्धी सोडते आणि लॅपटॉप मिटते.