इनबॉक्समध्ये आला

दारव्ह्यातल्या माझ्या दवाखान्यातून ईमेलनं पाठवलेले रिपोर्ट स्पॅममध्ये पडू लागले, तेव्हा ते दुरुस्त करायला दिग्रसहून एक कॉम्प्युटरवाला येऊ लागला. बोरी अरबच्या एका बाईंचा गाठीचा रिपोर्ट त्यांच्या मुलाच्या फोनात न उघडता पडून राहिला होता. हा कॉम्प्युटरवाला कीबोर्डवर बोटं अशी ठेवायचा, जशी मी पेशंटच्या मनगटावर ठेवतो.

"मेल आपलाच हाये डॉक्टरसाहेब, पण समोरच्यानं कायले भरोसा ठेवावा?" असं म्हणत, आमच्या नावानं मेल कोण पाठवू शकतं याची नोंद तो इंटरनेटवर करायचा. ती सगळीकडे पोचायला वेळ लागतो. तोवर तो पेशंटांच्या बाकावर डोळे मिटून बसायचा. मला वाटायचं, ती नोंद सावरीच्या कापसासारखी तरंगत गावोगाव चालली आहे.

मग चाचणीचा मेल जायचा, दरवेळी त्याच्या पुण्यातल्या मुलीला. ती एरवी त्याच्याशी बोलत नाही, हे त्यानंच सांगितलं होतं. "बेटा, हा मेल कुठं सापडला?" एवढंच तो लिहायचा. "स्पॅममध्ये," एवढंच उत्तर यायचं. ते तो हळूच वाचायचा, पुन्हा पुन्हा.

गेल्या आठवड्यात उत्तर आलं, "इनबॉक्समध्ये आला." मी खुशीत चहा मागवला. त्याचा तसाच निवून गेला.

आज तो न बोलावता आला आणि दारातच थांबला.

"एकदा चेक करून पाहू काय, साहेब? कधी कधी बिघडून जाते."

काहीच बिघडलं नव्हतं. मी उठून कॉम्प्युटरसमोरची खुर्ची त्याला दिली.