कयाधू, बॉम्बे

हिंगोली स्टेशनात गाडी सुटायच्या वेळेला वडिलांनी खिडकीचा गज धरला आणि पत्ता विचारला. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी नवऱ्याबरोबर मुंबईला निघाले होते, डब्यात माझी ट्रंक, भाकरीचं गाठोडं आणि हळदीचं एक पोतं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. हे मशीद बंदरला मसाल्याच्या वखारीत कामाला होते आणि झोपायचे तिथल्याच माळ्यावर. बायकोला घेऊन माळ्यावर राहता येत नाही, तेव्हा खोली बघायची होती. "पोचल्यावर कळवतो," असं हे म्हणाले. गाडी हलली तरी दादांनी गज सोडला नव्हता. "पत्ता न्हाई अन् पोरगी धाडून राहिलो मी," असं ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते मला आजही नक्की सांगता यायचं नाही.

गोरेगावच्या माझ्या माणसांनो, आणि तिथून निघून पुण्या-नाशकाला, दुबईला, कुठं कुठं गेलेल्यांनो, पत्त्याची किंमत तुम्हाला मी काय सांगणार? आपल्या घरी पत्र यायचं त्यावर गावाच्या नावाआधी बौद्धवाडा लिहिलेलं असायचंच. पोस्टमन आधी तेवढंच वाचायचा आणि त्याप्रमाणे चालायचा किंवा चालायचा नाही. कधी पत्र दुकानदाराकडे ठेवून जायचा. दादा शाळेत शिपाई होते, गावात त्यांना मान होता, पण पत्त्यातला तो शब्द त्यांना टोचायचा. बोलून दाखवत नसत, एवढंच.

मुंबईत गोरेगाव म्हटलं की लोक विचारायचे, ईस्ट का वेस्ट? मी सांगायचे, हिंगोलीजवळ सेनगावकडचं. मग ते आणखीनच गोंधळायचे आणि त्यांच्याबरोबर मीही. पहिल्या दीड-दोन वर्षांत आम्ही इतक्या खोल्या बदलल्या की दादांना पत्ता कळवून पत्र पोहोचेपर्यंत तो पत्ता शिळा झालेला असायचा.

पुढे यांनी नोकरी सोडली आणि आपल्याकडची हळद बाहेर पाठवायचा धंदा सुरू केला. धंदा म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि माझं टायपिंग. बहारीनच्या एका व्यापाऱ्यानं नमुना पसंत केला आणि लिहिलं की तुमचा केबल ॲड्रेस कळवा. केबल म्हणजे काय, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. यांना वाटलं विजेचं काहीतरी असेल, मीटर घ्यावा लागेल. शेजारच्या पेढीवर विचारलं तेव्हा कळलं की मोठे व्यापारी तार ऑफिसात स्वतःचा एक शब्द नोंदवतात. तो शब्द आणि शहराचं नाव, बस. जगाच्या कुठल्याही टोकावरून तेवढ्या पत्त्यावर तार आली की ती थेट तुमच्या दारात.

मला हे खरंच वाटेना. ज्यांना धड खोली टिकत नव्हती त्यांना जग एका शब्दानं ओळखणार?

तार ऑफिसातले कारकून कोकणातले होते, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. मी मोठ्या हौसेनं गोरेगाव लिहून दिलं. ते म्हणाले, बाई, हे उपनगराचं नाव आहे, कसं देणार? मी म्हटलं, ते गोरेगाव वेगळं, आमचं वेगळं. ते म्हणाले, तुमचं कुठलं ते तारेला कसं कळणार? मग मी आमच्याकडच्या देवांची नावं सांगायला लागले. नागनाथ आधीच कुणीतरी घेतलेलं होतं. सिद्धेश्वर इंग्रजीत लिहिलं तर लांबीत बसेना. हळद, पिवळा, सोनं, सगळं गेलेलं. आमच्या मागे रांग वाढत होती आणि हे माझ्या कानाशी लागून म्हणत होते की काहीही दे, पण दे. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, कयाधू. हिंगोलीची आपली नदी, उन्हाळ्यात जिच्यात पाय भिजवायला डबकं शोधावं लागतं ती. कारकुनांनी जाडजूड वही चाळली. मुंबईत कुणालाच हे नाव सुचलेलं नव्हतं.

दादांना कळवलं: इथून पुढे पत्ता एकच, कयाधू, बॉम्बे. त्यांचा विश्वास बसेना. खात्री करायला ते हिंगोलीला गेले आणि तार केली, "ऑल वेल". तार पोहोचली. पुढच्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा अंगणात बसून ते मला म्हणाले, "ह्या पत्त्यात गल्ली न्हाई, वाडा न्हाई. बरं केलंस पोरी." त्यांना एवढं समाधान झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग मात्र भलतंच सुरू झालं. दादांनी तो पत्ता गावभर दिला. मुंबईला जो निघेल त्याला ते सांगायचे, काळजी नको, घरच्यांना कयाधूचा पत्ता देऊन जा. गिरणीतला नामदेव, दवाखान्यात नर्स असलेली चंद्रभागा, गोदीत हमाली करणारी दोन पोरं, सगळ्यांच्या तारा आमच्या टेबलावर. कुणाला मुलगा झाला, कुणाचा चुलता गेला. बहारीनची म्हणून घाईनं उघडावी तर आत "चंद्रभागा कम सून". मग मी ती घेऊन परळला जायचे. हे वैतागून विचारायचे, ही पेढी आहे की पोस्ट? दरवर्षी तार ऑफिसात पैसे भरून शब्दाची मुदत वाढवायची वेळ आली की मनात यायचं, हे पैसे धंद्याच्या खर्चात धरायचे की घरच्या?

आणीबाणी उठली त्या सुमाराला जागेच्या मालकानं आम्हाला उठवलं. टेबल-खुर्ची हातगाडीवर घालून आम्ही माझगावला एका गाळ्यात गेलो. मुदत नुकतीच वाढवलेली होती, त्यामुळे शब्दाची चिंता कुणी केली नाही. शब्द आमचा, आम्ही जिथं तिथं तो, असं आम्ही धरून चाललो. आठवडाभर एकही तार आली नाही, तेव्हा यांना वाटलं बाजार पडला. मला शंका आली. गाळा लावून झाला आणि सवड मिळताच मी तार ऑफिस गाठलं.

दार ढकलून आत गेले, तर खिडकीजवळच्या बाकड्यावर दादा बसलेले. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर कापडी पिशवी. मला वाटलं आपल्याला भास होतोय. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. त्यांनाही बहुतेक तसंच वाटलं असावं.

"तार परत आली," ते म्हणाले. "पत्त्यावर कुनी न्हाई म्हने. मग मीच आलो."

तारेत काय होतं? धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते, तुम्हीही या, एवढंच. पण तार पोहोचली नाही असं हिंगोलीच्या ऑफिसातून कळलं आणि माझी आई रडायला लागली. माणसं नाहीशी झाल्याशिवाय पत्ता कसा नाहीसा होईल? ज्यांनी परभणीच्या पुढे पाय टाकला नव्हता ते दादा पूर्णा-मनमाड करत एकटे बोरीबंदरला उतरले. जवळ पत्ता होता तो एका शब्दाचा. कयाधू कुठं हाय, असं त्यांनी किती जणांना विचारलं असेल कोण जाणे. मग त्यांनी विचार केला की आपली तार जिथं उतरते तिथं जावं, तिथून ती पुढे कुठं जाते ते कुणी तरी सांगेल. कारकुनांनी नाव ओळखलं, पण जुन्या दाराशिवाय त्यांच्याकडे काही नव्हतं. त्या दाराला कुलूप होतं, दादा ते बघून परत येऊन बसले होते. कारकुनांनी त्यांना डब्यातली अर्धी पोळी दिली होती.

मी रडले, तिथंच, रांगेतल्या सगळ्यांसमोर. मग कारकुनांना विचारलं की मुदत तर संपली नव्हती, मग झालं काय?

"बाई, शब्द तुमचा नाही. शब्द दाराचा आहे. दार बदललं की नव्यानं नोंदवायचा," ते म्हणाले.

दादांना ते पटेना. "मान्सं तीच, हळद तीच," ते म्हणाले. "दार बदललं तर नाव काहून मरतं?"

कारकून हसले आणि त्यांनी वही उघडली. त्याच दिवशी नव्या दारावर कयाधू पुन्हा नोंदवली. दादांनी मुद्दाम खिडकीत वाकून कारकुनांचं लिहिणं बघितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

आता दादा नाहीत, आई नाही, हेही गेले. तारा तर कधीच बंद झाल्या. धंदा मुलगा बघतो. त्याच्या कंपनीला एक वीस अक्षर-आकड्यांचा कोड आहे, साऱ्या जगात तेवढीच तिची ओळख. तोही दरवर्षी नवा करावा लागतो. परवा गडबडीत तारीख उलटून गेली आणि परदेशातला व्यवहार अडकला. मुलगा म्हणाला, आई, कंपनी आहे, फक्त कोड लॅप्स झालाय. मी त्याला विचारलं, मग कोण आलं बघायला? त्याला प्रश्नच कळला नाही. ई-मेल आली, असं तो म्हणाला.

घर म्हणजे काय, यावर मी आयुष्यभर गोंधळलेलीच राहिले. गोरेगाव म्हणावं तर तिथं माझी आता एक खोलीही नाही. मुंबई म्हणावं तर इथली दारं बदलतच गेली. मला एवढंच समजलंय की आपल्याला धाडलेला निरोप परत गेल्यावर जिथून कुणीतरी पिशवी घेऊन निघतं, ते आपलं घर. म्हणून तुम्हाला लिहितेय. माझा फोन हल्ली कधी कधी उचलला जात नाही, कान कमी झालेत, वाजलेला कळत नाही. तसं झालं तर तुमच्यापैकी कुणी निघेल का?