आत्याचं किती ऐकायचं?

सलीमचा नंबर दिसला की मी 'हॅलो' म्हणायचोच नाही. त्या सकाळीही शेडमध्ये बेदाण्यावरून हात फिरवत फोन उचलला आणि थेट विचारलं, "काय रं, पडतोय का न्हाई?" पलीकडे त्याची बायको, भाभी होत्या. म्हणाल्या, "भाऊ, हे गेले…" झोपेतच गेला. पावसाच्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं, हे त्याला कळलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. पुढे मी तासगावकडच्या आमच्या द्राक्षबागेत परतलो आणि तो पुण्यात पावसाच्या कामाला लागला. निरनिराळ्या देशांतले मोठे संगणक जगभराच्या पावसाचे अंदाज काढतात. ते सगळे एकत्र करून त्यातून एक भरवशाचा अंदाज काढायचा, हे त्याचं काम. मी म्हणालो, त्यात काय, बेरीज करायची नि भागायचं. तो वैतागला. चौघं कोरडं म्हणतात आणि एक गारपीट म्हणतो, तर सरासरी काय, थोडी थोडी गारपीट? एकाला समुद्र चांगला कळतो, एकाला डोंगर; जिथं ज्याचं खरं ठरत आलंय तिथं त्याचं जास्त ऐकायचं, असं त्याचं म्हणणं.

निवृत्त होऊन तो कराडशेजारच्या मलकापुरात आला आणि ही जगाची विद्या माझ्या बेदाण्याच्या कामी आली. रॅकवर द्राक्षं वाळत असताना आभाळ आलं की मी दोन्हीकडून अडकतो. झाकलं तर कोंदून माल काळा पडतो, न झाकलं तर भिजून वर्षाची मेहनत जाते. त्याच्या पाच अंदाजांतला एक कायम पाऊसच सांगायचा. आमची आत्या भर चैत्रात लग्नाला छत्री घेऊन यायची, म्हणून मी त्या अंदाजाचं नाव आत्या ठेवलं. एकदा चिडून म्हणालो, हिला काढून टाक.

"आसं करायचं न्हाई गड्या," तो म्हणाला. "ती किती घाबरती ते आपल्याला ठावं हाय. तेवढं वजा करायचं, आन् उरलं ते ऐकायचं."

त्याच हंगामात गारा पडल्या. आत्या नेहमीपेक्षा जास्त ओरडतेय म्हणून त्यानं झाकायला लावलं होतं, माझा माल वाचला. मोबदला एकच मागायचा: दुसऱ्या दिवशी खरं किती पडलं ते कळवायचं, काहीच पडलं नसलं तरी; त्यावरून पुढं कुणाचं किती ऐकायचं ते तो ठरवायचा. मी टाळाटाळ केली की त्याचा फोन यायचा, आणि त्याची सुरुवात शिवीनं व्हायची.

गेल्या आठवड्यात आभाळ भरून आलं. यंदाचा शेवटचा माल रॅकवर होता. मोबाइलवर पाच अंदाज उघडले, तर पाचांचा मेळ बसेना. खरं सांगतो, रडू आलं… भाभींना फोन केला, नुसतं बोलावं म्हणून. त्यांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलेलं. म्हणाल्या, थांबा, ह्यांच्या टेबलापाशी जाते. संगणक सुरू करून त्याच्या मांडणीतून निघालेलं उत्तर त्यांनी वाचून दाखवलं: पाऊस येणार. आत्या ओरडत होतीच, पण या वेळी आणखी एक अंदाज तिच्या बाजूनं होता. मी माणसांना हाका मारल्या, प्लास्टिकचे कागद ओढून सगळं झाकलं. एक थेंब पडला नाही. थोडा माल काळवंडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच होऊन फोन केला. "भाभी, काय बी पडलं न्हाई."

"बरं केलंत, सांगितलंत." त्या त्याच्या खुर्चीत बसल्या होत्या, बटणांचा आवाज येत होता. "आत्याचं जरा कमी केलंय मी. उद्याचंही कळवा, भाऊ."