रंगवलेली रेती

गंगाधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीला आडतीवर हळदीच्या काट्यासमोर उभा होतो. फोन बालाजीचा होता. वारंगा फाट्यावर गंगाधरचं वर्कशॉप आहे, त्याच्या समोर रस्ता ओलांडला की बालाजीचं गॅरेज. तो एवढंच म्हणाला, "दाजी, सुटला बघा आपला माणूस." 'सुटला' का म्हणाला, हे ज्यांनी गंगाधरला शेवटच्या दिवसांत उशांच्या ढिगाला टेकून बसल्या बसल्या झोपताना पाहिलं, त्यांनाच कळेल. बाकीच्यांना कळलं नाही. तेराव्यापर्यंत घरी येणाऱ्यांनी आपापली कारणं शोधून ठेवली होती. तंबाखू नडली, असं एक जण म्हणाले. गंगाधर तंबाखू खात नव्हता. दुसऱ्यांनी जुना टीबी काढला. टीबी नव्हताच. एका गृहस्थांनी सगळं नशिबावर टाकलं, दुसरा कप चहा मागितला आणि जाताना वर्कशॉपच्या उघड्या दारातून कॉम्प्रेसर किती एचपीचा आहे ते वाकून पाहिलं... मी तेव्हा गप्प बसलो. त्या घरात बोलायची ती वेळ नव्हती. आता दीड महिना होत आला. मला आलेली शिसारी काही कमी होत नाही, म्हणून जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

गंगाधर माझ्या बायकोचा, मंगलचा, धाकटा भाऊ. आयटीआय करून तो पुण्याकडे कारखान्यात गेला, तिथं मन रमलं नाही, परत आला आणि फाट्यावर घराला लागून शेड टाकली. आमच्याकडे हळदीचे कुकर, पॉलिशचे ड्रम, पेरणीयंत्रं, सगळं वर्षातून काही आठवडे चालतं आणि उरलेलं वर्ष गंजत पडतं. हंगामाच्या तोंडावर लोक ते घासायला आणतात. तारेच्या ब्रशनं घासून गंगाधरची मनगटं सुजायची. कारखान्यात त्यानं ब्लास्टिंगची पेटी पाहिली होती. बंद पेटीत वस्तू ठेवायची, बाहेरून रबरी हातमोज्यांत हात घालायचे, हवेच्या दाबानं बारीक दाणे मारायचे, गंज उडून जातो आणि धूळ पेटीतच राहते. ती विकत घेणं त्याला परवडणारं नव्हतं. तेव्हा ती आपणच करायची, असं त्यानं ठरवलं.

ते सामान जमवण्यात त्याचं वर्ष गेलं आणि त्या वर्षाइतका खुशीत मी त्याला कधी पाहिला नाही. कळमनुरीच्या एका हार्डवेअरवाल्याकडे त्यानं ब्लास्टिंगची गन मागितली. दुकानदार त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "विहिरीच्या कामाला लायसन लागतंय, बाबा. माझ्याकडं सुरुंग मागू नको." ही गोष्ट गंगाधर पुढं कितीतरी दिवस सांगायचा. पेटीसाठी त्यानं भंगारातून धान्याची लोखंडी कोठी उचलली. खिडकीला जुन्या जीपची काच बसवली. ती आतून दाणे लागून लागून आंधळी व्हायची, मग दुसरी जीप शोधायची. धूळ ओढायला कूलरचा पंखा आणि पंख्याच्या तोंडाला पिठाच्या गिरणीची कापडी पिशवी. हातमोज्यांनी फार छळलं. शेवटी लाइनमनकडचे जुने रबरी मोजे आणि वर खांद्यापर्यंत ट्रॅक्टरची ट्यूब, हे दोन्ही त्यानं चांभाराकडून शिवून घेतलं. नोझल लोखंडाचं केलं तर दाण्यांनी त्याचं भोक दुपारपर्यंत रुंद व्हायचं. मग त्यानं स्पार्क प्लगमधली चिनी मातीची नळी काढून लावली, ती फुटायची. अखेर टंगस्टन कार्बाइडचं नोझल मिळालं, करंगळीच्या पेराएवढं. ते हातात घेऊन तो आमच्या घरी आला होता. मंगल म्हणाली, "एवढ्याशासाठी एवढा नाचून राहिलास व्हय रे?" तो म्हणाला, "अक्के, नाकातल्या मोरणीला कोणी एवढीशी म्हणतं का?"

आत मारायचे दाणे मात्र सुरुवातीला नदीची रेतीच होती. धुतलेली, वाळवलेली, हळदीच्या चाळणीतून काढलेली. पिशवी भरली की तिच्यातून बारीक पांढरी धूळ झिरपायची. गंगाधर तोंडाला दस्ती बांधायचा. आमच्याकडे हळद पॉलिश करणारे सगळे तेच करतात. दिवसभर पिवळ्या धुरळ्यात उभं राहायचं, तोंडाला दस्ती, संध्याकाळी गुळाचा खडा. गुळानं छाती साफ होते अशी सगळ्यांची खात्री आहे आणि हळद पोटात गेली तर औषधच, असंही म्हणतात. धूळ म्हणजे धूळ, मग ती हळदीची असो की रेतीची, एवढाच हिशेब. सुनंदावहिनी, गंगाधरची बायको, रोज संध्याकाळी न चुकता गुळाचा खडा हातावर ठेवायची. फाट्यावरच्या कुठल्याही घरात बाईनं हेच केलं असतं.

हे चुकतंय, हे गंगाधरला दुसऱ्या कोणी सांगितलं नाही. त्याच्या पुण्याच्या एका जुन्या सोबत्याला रेतीच्या धुळीचा आजार झाला, त्याला भेटून आला आणि त्यानं उरलेली सगळी रेती शेडच्या मागं ओतून दिली. "दाजी, ते कण काचंवानी असतात. आत गेले की बसले. गूळ खा न्हाईतर गुळाची ढेप खा." त्यानंतर पेटी बरेच दिवस बंद होती. तो गार्नेट शोधत होता. गार्नेट हा लालसर दगडाचा कण, रेतीपेक्षा कठीण आणि जड, त्याच्या धुळीत तो काचेसारखा घातक भाग जवळपास नसतो. पहिलं पोतं त्याच्या दुसऱ्या एका सोबत्यानं कारखान्यातून ट्रान्सपोर्टनं पाठवलं. फाट्यावर ते उतरवायला मी होतो. पंचवीस किलोचं, पण बघायला एवढंसं. माझं आयुष्य काट्यासमोर गेलंय, मला राहवेना. तेलाचं लिटरचं माप घेऊन ते भरून तोललं. सव्वादोन किलोच्या वर गेलं. त्याच मापात नदीची रेती दीड किलो भरायची. गंगाधर हसत म्हणाला, "मोजा, मोजा. तुमी आमच्या लग्नात मुंडावळ्या बी मोजल्या असतील."

ते पोतं संपल्यावर त्याला नांदेडचा एक व्यापारी भेटला. छापील पिशवी, वर मोठ्या अक्षरांत गार्नेट, आत लाल दाणे. मग पुढची सगळी वर्षं माल तिथूनच आला. गंगाधर कामाला लागला. गिऱ्हाइकाला तो अभिमानानं सांगायचा, "आपल्याकडं रेती न्हाई." पिशवीतून धूळ झिरपली तरी त्याला काळजी वाटेना, उन्हाळ्यात दस्तीसुद्धा बांधायचं तो सोडत गेला. सगळ्यात वाईट मला हेच वाटतं. रेती आहे असं माहीत असतं, तर तो जपला असता.

खोकला सुरू झाला, वजन उतरलं. टीबीच्या गोळ्या झाल्या, दोनदा झाल्या, फरक नाही. शेवटी मी त्याला नांदेडला नेलं, तिथं छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून विचारलं, "काम कसलं करता?" गंगाधरनं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे रेती मारता." गंगाधर त्यांच्यावर जवळजवळ रागावलाच. "न्हाई साहेब, गार्नेट है. रेती बंद करून किती वर्षं झाली." डॉक्टरांनी फोटो पाकिटात घालून माझ्याकडे पाहिलं.

मी त्याच दिवशी परतताना शेडमध्ये गेलो. न फोडलेलं एक पोतं होतं. लिटरचं माप भरून बालाजीच्या गॅरेजमधल्या काट्यावर ठेवलं. दीड किलो. पुन्हा भरलं, आपटून आपटून भरलं, थोडं वाढलं, दोनाच्या आसपाससुद्धा गेलं नाही. बालाजी शेजारी उभा होता. त्यानं मूठभर दाणे घमेल्यातल्या पाण्यात टाकून चोळले. पाणी गेरूसारखं लाल झालं आणि तळाशी जी राहिली ती आपली नदीची रेती... तिच्यात शिंपल्याचा एक तुकडासुद्धा होता.

गंगाधरपासून हे लपवावं असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. पण त्यानं स्वतःच विचारलं, "मोजलं का?" मी हो म्हणालो. "किती?" मी आकडा सांगितला. तो एकेका वाक्याला थांबत म्हणाला, "पहिलं पोतं लहान होतं. मग मोठं यायला लागलं... वजन तेवढंच, पोतं मोठं. मला वाटलं, माणूस चांगला है. माल भरपूर देऊन राहिला." मग त्याला हसू आलं आणि हसण्यानं खोकला आला, तो थांबेना. वहिनी पाठ चोळत होती. खोकला थांबल्यावर म्हणाला, "रंग मात्र झकास दिला व्हता, दाजी. मेहनत केली बिचाऱ्यानं."

मी आणि बालाजी ते पोतं घेऊन व्यापाऱ्याकडे गेलो. दुकान थंडगार, भिंतीवर देवाच्या तसबिरीला ताजा हार. त्यानं आम्हाला बसवलं, थंड मागवलं. मी माप काढून वजन करून दाखवलं. तो शांतपणे ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "गंज निघत होता का नाही?"

बालाजी म्हणाला, "निघत व्हता."

"बराबर. मग तकलीफ काय आहे? गंज काढायचा माल, गंज निघाला. आतापर्यंत कोणाची कंप्लेंट नाही."

"माणूस मरून राहिला तिकडं," बालाजी म्हणाला.

"त्याला मी काय करणार? मास्क लावायचा ना." आणि बाटल्या आमच्याकडे सरकवत तो म्हणाला, "घ्या, गरम होईल."

त्याच्या खुर्चीमागं कोऱ्या छापील पिशव्यांचा गठ्ठा होता, सुतळीनं नीट बांधलेला. त्याच्याकडे बघताना मला जे झालं त्याला राग म्हणता येणार नाही. जेवणात केस निघावा आणि वाढणाऱ्यानं म्हणावं, त्यात काय, पोट तर भरलं ना, तशी शिसारी आली. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. या माणसाशी भांडायला जागाच नव्हती. त्याच्या लेखी काहीच झालेलं नव्हतं. तक्रार मी दिली आहे, वजनाच्या आकड्यांसह. तिचं काय होतं ते पुढं दिसेल. ज्या माणसाला तिचा निकाल ऐकायचा होता, तो आता नाही.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी बालाजी घरी आला. पेटी विकत घ्यायची होती. वहिनींनाही विकायची होती, वर्कशॉप चालवणारं मागं कोणी नाही आणि संसार तर चालवायचा आहे. तो उगाच गोल गोल बोलत नाही. "वहिनी, खरं सांगतो, गार्नेट भेटलं न्हाई तर मी रेतीवरच चालवीन. हंगाम तोंडावर है. मास्क लावीन, चांगला लावीन."

वहिनी जमिनीकडे बघत होती. म्हणाली, "भाऊ, तुमच्या घरी गूळ है ना?"

बालाजीला कळलं नाही. "है की."

"मग तुमची बायको बी देईल. रोज संध्याकाळी देईल. मी देत व्हते." बालाजीनं मान खाली घातली. वहिनी उठून शेडमध्ये गेली आणि पाना घेऊन तिनं स्वतः नोझल काढलं. पाना तिला नीट धरता येत नव्हता, पण तिनं आमच्या दोघांपैकी कोणाला हात लावू दिला नाही. "पेटी न्या. हे माझ्याकडं राहील. खरा माल आला, दाजींनी तोलला, की येऊन घेऊन जा." बालाजी तसंच दुसरं नोझल बाहेरून मागवू शकतो, हे तिलाही माहीत आहे. तो म्हणाला, "चालतंय वहिनी," आणि त्यानं मागवलेलं नाही.

आतापर्यंत गार्नेट म्हणून दोन पोती आली. एक दूरच्या शहरातून, वेगळं नाव, वेगळी पिशवी, रंग जास्तच झकास. मापात दीड किलोच्या किंचित वर. दुसऱ्यात खरे दाणे आणि रेती यांची भेसळ, पावणेदोनच्या आत. दोन्ही पावत्यांसह परत पाठवली. हंगाम सुरू झाला आहे, बालाजीचं गॅरेज गंजक्या ड्रमांनी भरलं आहे, तो पुन्हा तारेच्या ब्रशनं घासतो आहे आणि शिव्या घालतो आहे. गिऱ्हाईक विचारतं, पेटी असून काहून हातानं करून राहिला? तो म्हणतो, सामान यायचं है.

परवा दुसऱ्या पोत्याचं सांगायला मी वहिनींकडे गेलो. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. चुलीवरच्या फळीवर तिखटाच्या आणि जिऱ्याच्या डब्यांच्या मध्ये पितळेची एक लहान डबी आहे, नोझल तिच्यात असतं. घरात दुसरीही जागा आहे, पण ती तिथंच ठेवते, हात पुसता पुसता दिसेल अशी. मी दारातच उभा राहिलो. तिनं वर न बघता विचारलं, "किती भरलं?"

मी आकडा सांगितला.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत बघत राहिली. मग पिठाचा हात तसाच ठेवून मनगटानं ती डबी फळीवर अजून आत सरकवली आणि म्हणाली, "बसा, दाजी. जेवून जा."