तेवीस होकार

"तेवीसपैकी तेवीस, आत्या. एकाचाही विरोध नाही. आणखी काय पाहिजे तुला?"

"मतं पाहिजेत. हा तर नमस्कार झाला, श्रीहरी. आधी अप्पाजींनी केला, मग रांगेनं सगळ्यांनी."

"तूसुद्धा 'हो'च म्हटलंस."

"तेच तर सांगते," अंबुजा म्हणाली.

 चेन्नईत शोळिंगनल्लूरच्या कंपनीत नोकरी सांभाळून श्रीहरीनं तंजावरी मराठी मंडळासाठी ही वेबसाइट बांधली होती. प्रश्न मांडायचा, सभासदांनी घरबसल्या मत द्यायचं, कारण लिहायचं, सगळ्यांचं सगळ्यांना दिसायचं. पहिलाच प्रश्न अंबुजाच्या वर्गाचा निघाला. अण्णा नगरातल्या मंडळाच्या खोलीत दर रविवारी ती मुलांना मराठी शिकवायची. तो वर्ग बंद करून तिथे कम्प्युटरची शिकवणी ठेवावी का? अध्यक्ष अप्पाजींनी पहाटेच 'हो' नोंदवलं. दुपारपर्यंत त्याखाली बावीस 'हो' येऊन बसले. त्यांतला नववा अंबुजाचा.

गिंडीच्या एका कारखान्यात तीस वर्षं तिनं साहेबांची पत्रं टाइप केली होती. रिटायर झाल्यावर अकरा मुलं गोळा केली. तमिळमध्ये भांडणारी, मराठीत दोन शब्द बोलायला लाजणारी. आताशी कुठे ती तिच्याशी मराठीतून खोटं बोलू लागली होती, आणि त्याचं तिला कोण कौतुक.

मंडळाची इतिवृत्तंही अकरा वर्षं तीच लिहायची. अप्पाजी बोलायचे, माना हलायच्या, ती लिहायची: सर्वानुमते मंजूर. मोठ्यांनी पान वाढून घेतल्याशिवाय घास न घेणारी माणसं, पडद्यावर तरी वेगळी कशी वागणार? तिचं बोट 'नाही'वर गेलं होतं. वर अप्पाजींचं नाव दिसलं आणि आपसूक मागे आलं.

"नावं झाक," ती म्हणाली. "मतं पुन्हा घे, आणि अप्पाजींचं शेवटी येऊ दे."

श्रीहरीनं आढेवेढे घेतले. सगळं उघड असावं म्हणून तर एवढा खटाटोप केला, आता लपवाछपवी कशाला, असं त्याचं म्हणणं. शेवटी "सरी, सरी, बरं" म्हणत त्यानं दोन संध्याकाळी खर्ची घातल्या. अप्पाजींनीही परवानगी दिली. निकाल तोच येणार, याची त्यांना खात्री होती.

रविवारी सगळे खोलीत जमले. श्रीहरीनं लॅपटॉप अप्पाजींकडे वळवला. वर्ग बंद करा म्हणणारे सात. चालू ठेवा म्हणणारे सोळा. खाली बिननावाची कारणं. अप्पाजींनी चष्मा पुसून एक मोठ्यानं वाचलं: "माझी मुलगी आता माझ्या आईला, तिच्या पाट्टीला, मराठीत उलट उत्तर देते. वर्ग बंद करू नका."

कोणीतरी फिस्सकन हसलं. अप्पाजी हसले नाहीत.

"हे कोणी लिहिलं?"

 अंबुजानं इतिवृत्ताची वही मिटली. अकरा वर्षांत सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"ते मी नाही लिहिलं, अप्पाजी. पण सोळांतलं एक मत माझं आहे. मागच्या खेपेला तुमचं नाव बघून 'हो' म्हटलं, ते चुकलं. पुढच्या रविवारी मुलांना बोलावू ना?"

 सहीसाठी आणलेला कम्प्युटर शिकवणीवाल्यांचा करार अप्पाजींनी सही न करताच पिशवीत सारला. मग खिशातून खोलीची किल्ली काढून तिच्या वहीवर ठेवली, चपला पायांत सरकवल्या आणि बाहेर पडले.